एक खण डावीकडे

९ जानेवारी

ठोंब्या,

फोनवर आपलं पाच मिनिटांत वाजतं, म्हणून हे पत्र. शिवाय तूच म्हणालास की तुमच्याकडे फोन फाटकावर जमा करावे लागतात आणि मेसेज ऑफिसवाले वाचतात. वाचू देत बापडे, पण घरातल्या गोष्टी मला चव्हाट्यावर नकोत.

अण्णांच्या वाढदिवसाला तू पाठवलेला तुमच्या कंपनीचा कॉम्प्युटरवरचा खेळ पोचला. बेटावरचं दुकान. बोट लागते, माणसं उतरतात, कुणी खिळे मागतं, कुणी दोर, कुणी कंदिलाची काच, आणि आपण फळीवरून काढून द्यायचं. मी मनात म्हटलं, जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर भेट काय, तर पुन्हा स्टोअर! पण तू त्यांना ओळखतोस, हे मान्य. पहिल्याच दिवशी त्यांनी खिळे आकाराप्रमाणे लावले आणि मला हाक मारून दाखवले. आई गेल्यापासून त्यांनी मला काही दाखवायला बोलावलं नव्हतं.

आता तक्रार. मागच्या खोलीत नेट येतं-जातं, तुला माहीत आहेच. नेट गेलं की खेळ बंद पडतो आणि पांढऱ्या अक्षरांत लिहून येतं, 'तुमची मालकी सिद्ध होऊ शकली नाही.' पहिल्यांदा अण्णा हसले. दुसऱ्यांदा नेट आल्यावर पुन्हा बसले. तिसऱ्यांदा मात्र दुपारभर लावलेला सगळा माल गेला. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, हे मला चोर म्हणतंय का? ज्या माणसाने कारखान्यातून कधी एक स्क्रू खिशात घालून आणला नाही, त्याला हे विचारावं लागलं. आता कॉम्प्युटरवर वर्तमानपत्र पांघरून ठेवलंय.

तू तिथे कुलपांच्या विभागात आहेस ना? मग कर की काहीतरी.

ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. घरी आल्यावर वाचलं. हल्ली घरी येतो म्हणजे कपडे बदलायला येतो.

तू म्हणतेस ते मला करता येणार नाही. प्रत्येक वेळी खेळ उघडताना तो आमच्या सर्व्हरला विचारतो की ही प्रत विकत घेतलेली आहे ना. हेच कुलूप आहे, ते एका घरापुरतं काढता येत नाही. अण्णांना सांग की ते त्यांना विचारत नाही, सगळ्यांनाच विचारतं. आमचा खेळ बाजारात आला त्याच आठवड्यात त्याच्या चोरीच्या प्रती फिरायला लागल्या. चित्रं काढणारे, संगीत करणारे, आम्ही सगळे या एका खेळावर जगतोय. त्यामुळे विचारावं लागतं. तू नेटचं नीट करून घे, तारेचं कनेक्शन मागच्या खोलीपर्यंत आणायला सांग.

आणखी एक सांगतो आणि जास्त विचारू नकोस, कारण मी कागदावर सही केली आहे. दाराच्या कुलपाच्या आत एक दुसरं कुलूप आहे. ते माझं आहे. चोर पहिलं तोडतात आणि खूश होतात. दुसऱ्याचा त्यांना पत्ताच नाही. मोठे साहेब म्हणाले की अशी कल्पना या धंद्यात कित्येक वर्षांत आली नसेल. खरं तर ती माझी नाही, अण्णांची आहे. त्यांना एवढंच सांग, बरं वाटेल त्यांना.

मला स्वतःला काही विशेष वाटलं नाही. बैठकीत टाळ्या वाजल्या तेव्हा मी जेवायला कधी सोडतात ते बघत होतो.

ठोंब्या


६ फेब्रुवारी

ठोंब्या,

खेळाचं झालं. आता बंद पडत नाही, काही विचारतही नाही. कसं केलं ते राहू दे, तू तुझी कामं बघ.

अण्णा रोज दुपारी बसतात. आठवड्यातल्या तीन सकाळी ते धर्मादाय दवाखान्यात औषधांच्या कपाटावर असतात, ते तर चालूच आहे. तिथल्या किल्ल्या कमरेला आणि चालण्यात जुनी ऐट. दवाखान्यातून आले की जेवण, मग बेटावरचं दुकान. मी एक्स-रेच्या खोलीतून दमून घरी येते तर हे मला सांगतात, आज बोटीतून एक बाई आली, तिला नेमकं ते पितळी बिजागर हवं होतं, मी न बघता काढून दिलं. न बघता, हं! असं म्हणतात तेव्हा चेहरा बघायला हवा त्यांचा.

तुझा निरोप दिला. कल्पना त्यांची कोणती, यावर जेवताना बराच खल झाला. शेवटी म्हणाले, ती हलवाहलवीची असेल. आठवतं का तुला? स्टोअरमध्ये नवा मदतनीस आला की अण्णा गुपचूप एक डबा उचलून शेजारच्या खणात ठेवायचे. त्याच्या लक्षात येतं का बघायचं. आलं तर तो पास. नाही आलं तर संध्याकाळी कुलूप लावताना स्वतःच सांगायचे, अरे, तो मी हलवला होता, आणि दोघं चहा प्यायचे. संध्याकाळपर्यंत सांगायचंच, हा त्यांचा नियम. आई म्हणायची, त्या बिचाऱ्यांना छळता कशाला? तेव्हा ते म्हणायचे, छळत नाही, नजर तयार करतो.

तीच का रे कल्पना? असली तर मान हलव, मला इथून दिसेल.

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

उशीर झाला. तुझं पत्र खिशातच होतं. कल्पनेबद्दल मी काहीच बोलणार नाही, पण अण्णा हुशार आहेत.

इथे सगळे खूश आहेत. चोरीच्या प्रती खेळणारे लोक आमच्याच चर्चेच्या पानावर येऊन तक्रारी लिहितात. कशाबद्दल, ते सांगता येत नाही. पण जी तक्रार ते करतात ती विकत घेतलेल्या प्रतीत होऊच शकत नाही, म्हणजे तक्रार केली की माणूस आपोआप सापडतो. दुपारी आम्ही त्या मोठ्याने वाचतो. एकाने लिहिलं होतं, 'हे सगळ्यांना होतंय की फक्त मलाच?' आमच्यातल्या कुणीतरी ती ओळ छापून कॉफीच्या मशीनच्या वर लावली. येता-जाता हसतात. मीही हसतो, कारण सगळे माझ्याकडे बघून हसतात.

माझी खुर्ची खिडकीजवळ आली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. पुढच्या खेळाचं काम सुरू झालं. मधे एक दिवस सुट्टी दिली होती, तर मी दिवसभर पलंगाच्या कडेला बसून होतो आणि बूट काढायचे राहिले. काळजीचं काही नाही. फक्त काही वाटत नाही. आई गेली तेव्हाही मला असंच झालं होतं, तुला आठवत असेल, तू मला दगड म्हणाली होतीस.

अण्णा कसे आहेत? दुकान कसं चाललंय त्यांचं?

ठोंब्या


२ एप्रिल

ठोंब्या,

अण्णांचं बरं नाही. ताप-खोकला असतं तर लिहिलं नसतं.

सुरुवात खेळातच झाली. एक दिवस त्यांनी मला विचारलं, माझ्या दुकानाला हात लावलास का? मी कशाला लावू? म्हणाले, कंदिलाच्या काचा मी इथे ठेवल्या होत्या, त्या तिथे आहेत. मी म्हटलं, ठेवल्या असतील तिथेच. दुसऱ्या आठवड्यात दोर. मग बिजागरं. मग मला विचारणंच बंद केलं. गप्प बसून स्क्रीनकडे बघतात, वस्तू उचलून परत जागी लावतात, आणि दुसऱ्या दिवशी ती जागेवर नसते.

आता घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. साखर. मीठ. टॉर्च. बैठकीतल्या खुर्चीच्या पाठीला 'खुर्ची' अशी चिठ्ठी होती, ती मी काढली, कारण ती बघून मलाच भोवळ आली. दवाखान्यात एकेक बाटली तीनदा तपासतात, रांग दारापर्यंत जाते. तिथल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की चूक एकही झालेली नाही, पण ते फार घाबरलेले दिसतात.

काल म्हणाले, माझ्या आईला असंच झालं होतं, पहिल्यांदा तिला भांडी सापडेनाशी झाली. आपल्या आजीला काय झालं होतं ते तुला माहीत आहे. शेवटी तिने अण्णांना ओळखलं नव्हतं.

मला एक सांग. तो खेळच काही गडबड करत असेल, असं होऊ शकतं का? नवीन आहे, काही बिघाड असेल. तू बनवलायस, तुलाच माहीत.

ताई


१० एप्रिल

प्रिय ताई,

वाचून सुन्न झालो. म्हणजे आधीच होतो, आता त्याला कारण मिळालं.

खेळात बिघाड नाही. हे मी कुणालाही लिहून देईन. विकत घेतलेल्या प्रतीत वस्तू आपली आपण जागेवरून हलूच शकत नाही, ते मी स्वतः तपासलं आहे, रात्रंदिवस. माणसाने जिथे ठेवली तिथेच ती राहते. अण्णांना जर ती दुसरीकडे दिसत असेल, तर ती त्यांनीच तिथे ठेवली आहे आणि ते विसरले आहेत.

मला हे लिहायला आवडत नाही, पण तुला खोटी आशा देऊन काय करू? मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. लवकर कळलं तर औषधं असतात म्हणे. मला सुट्टी मिळाली की येतो. कधी मिळेल ते माहीत नाही.

ठोंब्या


३० एप्रिल

ठोंब्या,

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. वाचायला नको होतं, पण त्यांनी विचारलं, ठोंब्या काय म्हणतो? आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही, असं मला वाटायचं. माणसाने जिथे ठेवली तिथेच ती राहते, ही ओळ त्यांनी मला परत वाचायला लावली. मग म्हणाले, बरोबर आहे. त्याने बनवलंय, त्याला कळणार.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या किल्ल्या कमरेवरून काढून दिल्या. डॉक्टरीणबाई नको म्हणत होत्या. अण्णा म्हणाले, डबा चुकला तर खिळा जातो, बाटली चुकली तर माणूस जातो. परत येताना बसमध्ये ते सारखा कमरेला हात लावून बघत होते.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासणी केली. सोपे प्रश्न होते. मी काचेच्या पलीकडून बघत होते. ते बरोबर उत्तर सांगायचे, मग थांबायचे आणि म्हणायचे, नाही, थांबा, आणि बदलायचे. जवळजवळ सगळी बदलली. डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. स्कॅनमध्ये काही नाही. मी स्वतः उजेडाला धरून पाहिलं, मला तरी काही दिसलं नाही.

अण्णांना सहा महिने थांबायचं नाही. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे, नदीपलीकडे. तिथे जाऊन त्यांनी स्वतः नाव दिलं. जूनमध्ये खोली मिळते. मला म्हणाले, माझ्या आईचे शेवटी मी जे हाल केले, ते तुला माझे करायला नकोत. भिंतीकडे बघत म्हणाले. तिथल्या खोलीत पलंग, कपाट, खिडकी, दाराला बाहेरून कडी. मी बघून आले. स्वच्छ आहे.

खेळ अजून खेळतात. मी म्हटलं, बंद करा ना, कशाला जिवाला घोर? तर म्हणाले, रोग किती वाढला ते तिथे कळतं. शिवाय त्यांनी त्यात एक रीत शोधली आहे. म्हणतात, माझा हात नेहमी एकाच बाजूला चुकतो. प्रत्येक वस्तू जिथे ठेवायची असते तिथून बरोबर एक खण डावीकडे सापडते. कधी उजवीकडे नाही, कधी वर-खाली नाही. डॉक्टरांनाही सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

मी दिवसभर लोकांना सांगते, श्वास रोखा, आता सोडा. हल्ली सोडा म्हणायचं विसरते. परवा एक आजोबा लालबुंद झाले.

तुला यायचं असेल तर जूनच्या आधी ये.

ताई


७ मे

ताई,

कुरिअरने पाठवतोय. एवढंच सांग.

खेळ उघडताना आधी काळोख असतो आणि मधोमध एक छोटा दिवा पेटतो. मग दुकानाचं दार दिसतं. अण्णांच्या खेळात तो दिवा पेटतो का?

उलट टपाली कळव. फोन नको.

ठोंब्या


११ मे

ठोंब्या,

दिवा पेटत नाही. सरळ दार दिसतं.

तुला कळलंच आहे, तर सांगून टाकते. तुझी प्रत मी कधीच काढली. नेटची तार मागच्या खोलीपर्यंत आली नाही, घरमालक भिंतीला भोक पाडू देईना. अण्णा वर्तमानपत्र पांघरलेल्या कॉम्प्युटरसमोर नुसते बसून राहायचे. आमच्या हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, मॅडम, काहीही न विचारणारी प्रत आहे माझ्याकडे, टाकून देऊ? मी म्हटलं, टाक. अण्णा आंघोळीला गेले होते तेवढ्यात त्याने टाकली. अण्णांना सांगितलं, नेट दुरुस्त झालं. तुलाही तसंच भासवलं. तुझ्या तोंडावर तुझ्याच कुलपाचं काय सांगणार होते?

चोरीची आहे, मला माहीत होतं. पण आपण एकदा विकत घेतलेल्या वस्तूची चोरी म्हणजे कसली चोरी, असं म्हणून मी पुढे गेले.

अण्णांना हे कळता कामा नये. बाकी सगळं गेलं तरी आपण कधी कुणाच्या काडीला हात लावला नाही, एवढं त्यांच्याजवळ अजून आहे.

पण दिव्याचं का विचारलंस? मला भीती वाटतेय.

ताई


१५ मे

ताई,

अण्णांना काहीही झालेलं नाही.

तो दिवा पहिल्या कुलपाबरोबर असतो, कुलूप तोडलेल्या प्रतीत तो पेटत नाही. आणि दुसरं कुलूप म्हणजे ही हलवाहलव. पहिलं कुलूप तोडलेली प्रत असेल तर खेळ ते ओळखतो आणि गप्प बसतो. सुरुवातीचे काही आठवडे काहीच करत नाही, म्हणजे चोरांना वाटतं की काम फत्ते, आणि ते प्रत वाटत सुटतात. मग अधूनमधून, खेळ बंद असताना, तो एक वस्तू उचलतो आणि एक खण डावीकडे ठेवतो. एकच. फार केलं तर माणसाला संशय येईल. एक खण म्हणजे माणूस स्वतःवर संशय घेतो. हे मी बैठकीत याच शब्दांत सांगितलं होतं. त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

डावीकडे का, तर अण्णा तो डबा डावीकडेच ठेवायचे. शाळा सुटल्यावर मी स्टोअरमध्ये उंच स्टुलावर बसून बघायचो.

मी तुला लिहून पाठवलं की वस्तू हलू शकत नाही. मी विकत घेतलेल्या प्रतीबद्दल लिहिलं होतं. ती माझीच भेट होती, त्यामुळे दुसरी काही असेल असं डोक्यात आलंच नाही. अण्णांच्या मेंदूत बिघाड आहे हे मला पटलं, पण आपल्या घरात चोरीची प्रत असेल हे सुचलं नाही.

काल मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, निदान शेवटी तरी एक वाक्य दाखवूया, ही प्रत चोरीची आहे, माल आम्ही हलवला होता. ते म्हणाले, मग तोडणाऱ्यांना नेमकं कुठे कापायचं ते कळेल, आणि हे कधीच सांगत नाही यातच तर तुझी कमाल आहे. शिवाय आता दाखवायचं म्हटलं तरी कसं दाखवणार? विकत घेतलेल्या प्रती आमच्याशी बोलतात, त्यांना आम्ही हवं ते पाठवू शकतो. चोरीच्या प्रती कुणाशीच बोलत नाहीत. त्या किती आहेत, कुणाच्या घरात आहेत, आम्हाला कळायला मार्ग नाही. त्या चालूच राहणार.

बाहेर आलो तर कॉफीच्या मशीनच्या वर ती ओळ तशीच होती. 'हे सगळ्यांना होतंय की फक्त मलाच?' मी कॉफी घेतली आणि जागेवर जाऊन बसलो. तो कागद फाडून टाकावा असं मनात आलं, पण हात उचलला गेला नाही.

अण्णांना सांग. निवासात जायच्या आधी सांग. चोरीचं सांगितल्याशिवाय हे सांगता येणार नाही, ते मला कळतं. तरी सांग. हे पत्र दाखव हवं तर. सही केलेल्या कागदाचं मी बघतो.

ठोंब्या


४ जून

ठोंब्या,

सांगितलं. तुझं पत्र आल्यावर बरेच दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. रोज वाटायचं, आज सांगते, आणि रोज ते काही ना काही करत असायचे. खरं तर चोरीचं कळल्यावर ते माझ्याकडे कसे बघतील, याचीच भीती होती. त्यांचं डोकं ठीक आहे हे मला माहीत होतं आणि ते रोज सकाळी मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचत होते. मी समोर बसून चहा पीत होते.

जायच्या आदल्या दुपारी ते पलंगावर बॅग उघडून शर्ट भरत होते. मी दारात उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी हातातल्या शर्टाची नीट घडी केली, तो बॅगेत ठेवला आणि मग म्हणाले,

"म्हणजे चोरीचा माल होता."

मी हो म्हटलं.

"हलवायची कल्पना कोणाची?"

"ठोंब्याची. म्हणजे तुमचीच, अण्णा."

"आणि सांगायचं कधी ठरलं होतं?"

"ते सांगतच नाहीत," मी म्हटलं. "तसंच बनवलंय."

ते बॅगेतला एकेक शर्ट काढून परत कपाटात लावू लागले. मला वाटलं, ओरडतील, रडतील, निदान हसतील. माझी तरी तयारी होती. ते फक्त कपडे लावत राहिले. शेवटचा शर्ट ठेवल्यावर मला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? मी म्हटलं, चोरीचं पहिल्यापासून, बाकीचं पंधरा-वीस दिवस. त्यांनी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा कप विसळला.

निवासाला 'येत नाही' असं कळवलं. कॉम्प्युटरवाल्याने खेळ पुसून टाकला. तुझी खरी प्रत पुन्हा टाकू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. माझ्याशी बोलतात. मीठ दे, दार लाव, इतपत.

मला वाटलं होतं की हे कळल्यावर घर पहिल्यासारखं होईल. चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. मी एक काढली होती, ती त्यांनी परत लिहून लावली.

ते तुला लिहिणार आहेत. माझ्याकडून पाकीट मागून घेतलंय.

ताई


१९ जून

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने दाखवलं. दोनदा वाचलं. समजलं.

ताईवर मी रागावलेलो नाही, तसं तिला तू कळव. मी सांगायला जातो तर शब्द फुटत नाही. तिने माझ्यासाठीच केलं. तरी माझ्या घरात चोरीचा माल होता आणि मी रोज तो वापरत होतो, हे मला जड जातंय. तुझा खेळ मात्र चांगला आहे. बिजागरं फार बारकाईने काढली आहेत, ज्याने काढली त्याला सांग.

दवाखान्यात जाऊन आलो. माझ्या जागी एक बाई आल्या आहेत. चटपटीत आहेत. कपाट त्यांनी वेगळं लावलंय, ते माझ्यापेक्षा सोयीचं आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, परत येता का, दोघं मिळून करा. मी म्हटलं, बघू. त्यांनी किल्ल्या पुढे केल्या तेव्हा माझा हात पुढे झाला नाही. डोकं ठीक आहे, हे मला पटलंय. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. पण काल ओट्यावर काडेपेटी दिसली आणि मी ती तिथेच ठेवली होती का, याचा विचार करत मी तिथे उभा राहिलो. दूध उतू गेलं. ताईने काही विचारलं नाही, पुसून घेतलं.

तुला स्टूल आठवतं, डबा आठवतो, डावी बाजूसुद्धा आठवते. पण तू शाळेतून यायचास आणि दिवे लागायच्या आत आईकडे घरी जायचास, त्यामुळे पुढचं तू कधी पाहिलं नाहीस. मदतनीसाला मी दाराशी थांबवून सांगायचो. एकदा विसरलो. घरी येऊन जेवायला बसलो आणि आठवलं. तसाच उठलो, हात धुतले आणि त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बसून राहिला होता, जेवला नव्हता. त्याला सांगितलं तेव्हा कुठे आत गेला.

माझ्याकडे माणूस एकच असायचा आणि त्याचं घर मला माहीत होतं.

तू विचारलंस म्हणून कळवतो, प्रकृती ठीक आहे. जेवण जातं. तू वेळेवर जेवत जा आणि घरी आल्यावर बूट काढत जा.

बाकीच्यांना कोण सांगणार आहे, ते कळव. वाट बघतो.

तुझा,
अण्णा